सोनेरी दरबार आणि करवंट्यांचे घोडे

सहलीच्या सूचनांमध्ये तीन वाक्यं ठळक अक्षरांत होती. गाडी कोणासाठीही थांबणार नाही. गाडीत टॉयलेट नाही. किल्ल्यांची तिकिटं भाड्यात धरलेली नाहीत. पहिलं वाचून लेक काळजीत पडली, दुसरं वाचून मी, आणि तिसरं ऐकून पुण्याहून फोनवर आमचे हे. लेकीला एडिंबऱ्यात ऑफिसातून रजा मिळेना, मी दिवसभर तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा करडा दगड बघत बसलेली, म्हणून तिने मला न विचारताच बुकिंग करून टाकलं. म्हणाली, "आई, छोटा ग्रुप आहे, सोळाच माणसं. हरवणार नाहीस."

हरवण्याची भीती मला नव्हतीच. भीती त्या सोळांचीच होती. आपल्याकडची सहल मला ठाऊक आहे. पन्नास माणसांची बस, पुढे मॅनेजर, मागे डब्यांतून आलेल्या चकल्या, आणि दुपारी सगळेच घोरतात त्यामुळे कोणाला कोणाचं काही वाटत नाही. सोळांत लपायला जागा नसते. त्यात मी एकटी, साडीवर लेकीचं रेनकोटासारखं जाकीट, पायात बूट आणि पर्समध्ये इडलिंबाचं लोणचं. शेजारच्या सीटवर एक जर्मन आजोबा होते, मागे ब्राझीलचं नवविवाहित जोडपं, तैवानच्या दोन मैत्रिणी, आणि एक अमेरिकन बाप-लेक. मुलगा असेल बारा-तेरा वर्षांचा. सगळ्यांनी एकमेकांना नावं सांगितली आणि पुढच्या पाच मिनिटांत सगळे सगळ्यांची विसरले, हे एक बरं झालं.

ड्रायव्हर हाच गाइड. गडद हिरव्या चौकटींचा किल्ट, जाड लोकरी मोजे, कानाला माइक. गाडी हाकता हाकता अखंड बोलायचं, विनोद करायचे, इतिहास सांगायचा आणि वळणावर 'डावीकडे बघा' म्हणायचं, हे सगळं एकटा माणूस करत होता. त्याचं इंग्रजी मला पहिला अर्धा तास कळलंच नाही. प्रत्येक 'र' दगडावरून गाडं गेल्यासारखा. हळूहळू कान बसला. पण तोवर एडिंबऱ्यातून बाहेर पडून आम्ही फॉल्कर्कजवळ पोचलो होतो आणि काचेतून दोन प्रचंड घोड्यांची डोकी दिसायला लागली होती.

त्यांना केल्पी म्हणतात. केल्पी म्हणजे इथल्या लोककथांतलं पाण्यातलं भूत. घोड्याच्या रूपात काठावर उभं राहतं, पाठीवर बसणाऱ्याला घेऊन तळ्यात बुडी मारतं. कालव्याच्या काठी तीस मीटर उंचीची, प्रत्येकी तीनशे टनांची ही पोलादी डोकी बघून मी विचारलं, हे किती जुनं? ड्रायव्हर हसला. 2013. अँडी स्कॉट नावाच्या शिल्पकाराने केलेली, समोर दोन खरे क्लाइड्सडेल घोडे ठेवून. एकाचं नाव ड्यूक, दुसऱ्याचं बॅरन. इथला फोर्थ आणि क्लाइड कालवा 1790 साली खुला झाला तेव्हा त्यातल्या नावा काठावरून असेच भारी घोडे ओढत न्यायचे. म्हणजे भूत जुनं, घोडे त्यापेक्षा अलीकडचे, आणि पुतळे माझ्या लेकीच्या पासपोर्टच्या वयाचे. मला वाटलं, असेल एखादी गोष्ट अशी. दिवसभर हाच प्रकार चालणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

स्टर्लिंगचा किल्ला लांबूनच दिसतो. सपाट माळावर ज्वालामुखीच्या खडकाचा एक सुळका आणि त्यावर तो बसलेला. हे बघून मात्र जीव जरा रमला. असा उभा कातळ आपल्याला ओळखीचा. समोरच्या टेकडीवर स्कॉटिश योद्धा विल्यम वॉलेसचं स्मारक, मधून वळणं घेत जाणारी फोर्थ नदी. वॉलेसने 1297 साली इथल्या पुलावर इंग्रजांची दाणादाण उडवली. मोठं सैन्य अरुंद पुलावरून थोडं थोडं पलीकडे येऊ दिलं आणि अर्धं आलं असताना झडप घातली. हे ऐकताना माझी मान आपसूक हलायला लागली. खिंडीच्या आणि अडचणीच्या लढाया आपल्या माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. पुढे 1314 साली रॉबर्ट द ब्रूसने जवळच बॅनकबर्नला इंग्रजांना हरवलं. त्याचा पुतळा किल्ल्याच्या दारातच आहे.

आत गेल्यावर मात्र मी गोंधळले. किल्ला म्हटलं की माझ्या डोक्यात पडका बुरूज, पाण्याचं टाकं, सदरेचं नुसतं जोतं आणि बाकीचं आपण मनाने उभं करायचं, असं असतं. रायगडावर राजवाड्याच्या जोत्यावर उभं राहून आपण काय काय बघतो! इथे मनाला कामच ठेवलेलं नाही. समोर पिवळ्या सोनेरी रंगाची एक भलीमोठी इमारत. करड्या दगडांच्या गर्दीत ती एकटी हळद लागल्यासारखी. हे ग्रेट हॉल, म्हणजे दरबार आणि मेजवान्यांचं सभागृह, स्कॉटलंडच्या राजाने, चौथ्या जेम्सने, 1503च्या सुमारास पुरं केलेलं. आणि रंग? रंग 1999चा. पुढे फौजेने या सभागृहाची बराक केली होती, मजले घातले, भिंती घातल्या. फौज 1964 साली किल्ला सोडून गेली आणि मग कित्येक वर्षं खपून ते पुन्हा पहिल्यासारखं केलं. जुन्या चुन्याचे अंश सापडले त्यावरून हा रंग ठरवला. गावातल्या पुष्कळ लोकांना तो बघवेना. करडा किल्ला म्हणजेच खरा किल्ला, अशी त्यांची दोन-तीनशे वर्षांची सवय.

मला विचाराल तर मलाही पहिल्यांदा तो बघवला नाही. पण सभागृहाच्या आत, लाकडी छताखाली उभी राहिले आणि मत बदललं. 1594 साली राजपुत्राच्या बारशाला, म्हणजे बाप्तिस्म्याला, या सभागृहात शिडं-तोफांसकट एक लाकडी जहाज आणलं होतं आणि पाहुण्यांना मासे त्यातून वाढले होते. असली हौस करणारी माणसं आपलं घर करडं कशाला ठेवतील?

राजवाड्यात तर रंगांचा कहर. छतावर ओकच्या लाकडातले कोरीव चेहरे, राजे, राण्या, एक विदूषकही. ते सुद्धा नव्याने कोरून रंगवलेले. जुने, रंग उडालेले चेहरे शेजारी वेगळ्या दालनात ठेवलेत आणि दोन्ही बघून या म्हणतात. राणीच्या दालनात एकशिंगी घोड्याच्या शिकारीचे गालिचे भिंतींवर टांगलेत. युनिकॉर्न हा स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी. जगात नसलेला प्राणी राष्ट्रीय करायला धाडस लागतं, हे मी जर्मन आजोबांना म्हटलं तर ते गंभीरपणे "हो" म्हणाले. पाचव्या जेम्सच्या सामानाच्या यादीत अशा गालिच्यांचा उल्लेख आहे, पण गालिचे काही उरले नाहीत. तेव्हा न्यूयॉर्कच्या संग्रहालयात याच विषयाचे, त्याच सुमाराचे जे गालिचे आहेत ते समोर ठेवून हे नवे विणले. हातमागावर. दहाहून जास्त वर्षं लागली. मी अगदी जवळ जाऊन बघितलं. कुत्र्याच्या मानेवरच्या केसांत चार-पाच प्रकारचे तपकिरी धागे, आणि डोळ्यात एकच पांढरा टाका. पैठणीच्या पदरावरचा मोर जवळून बघितलेल्या बाईला त्या टाक्याची किंमत कळते. शेजारी जुन्या पद्धतीच्या झग्यातली एक बाई राणीची दासी म्हणून उभी होती. तिने मला विचारलं, "बाईसाहेब, आपण कुठल्या दरबाराकडून?" मी म्हटलं, "पुणे." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "फार लांबून आलात, थकला असाल." इतकं आस्थेने मला त्या दिवशी दुसऱ्या कोणी विचारलं नाही.

याच किल्ल्यात 1543 साली स्कॉटलंडच्या मेरी राणीचा राज्याभिषेक झाला. वय नऊ महिने. मुकुट डोक्यावर राहिला नसणार, कोणीतरी धरला असणार. आणि 1507 साली चौथ्या जेम्सच्या पदरी असलेल्या जॉन डेमियन नावाच्या किमयागाराने पिसांचे पंख बांधून याच तटावरून फ्रान्सला उडत जायचा घाट घातला, अशी कथा आहे. पडला खाली, मांडीचं हाड मोडलं. त्याचं म्हणणं, पंखांत कोंबडीची पिसं मिसळली होती, त्यांची ओढ उकिरड्याकडे. ड्रायव्हरने ही गोष्ट सांगितली तेव्हा अमेरिकन मुलगा इतका हसला की पुढचा मैलभर कोणी काही बोललं की तो 'कोंबडी' एवढंच म्हणायचा.

पुढचा मुक्काम डून. गाव लहान, किल्ला उंच, शेजारून टीथ नदी. हा चौदाव्या शतकाच्या अखेरचा, ऑल्बनीच्या ड्यूकचा. राजा नावाला आणि कारभार याच्या हातात. इथे रंग नाही, पडदे नाहीत, गार दगड आणि वारा. मला हायसं वाटलं. म्हटलं, हा आपल्या ओळखीचा. तिकीट काढायला आत गेले तर काउंटरवर नारळाच्या करवंट्या!

मी मूळची रत्नागिरीकडची. सोललेल्या, स्वच्छ घासलेल्या, अर्ध्या अर्ध्या करवंट्यांची जोडी स्कॉटलंडच्या किल्ल्यात बघून मला काय वाटलं असेल ते फक्त कोकणातल्या माणसाला कळेल. इथे नारळ कुठून आला? आणि खोबरं कोणी खाल्लं? एवढ्यात ब्राझीलच्या नवरदेवाने एक जोडी उचलली, एकमेकींवर टॉक-टॉक आपटली आणि अंगणात घोड्यावर बसल्यासारखा उड्या मारत सुटला. मागून बायको व्हिडिओ काढते आहे. जर्मन आजोबासुद्धा हसत होते. सोळांतल्या एकट्या मला काय चाललंय ते कळेना.

मग किल्ल्याची माहिती ऐकण्याचं यंत्र कानाला लावलं तेव्हा उलगडा झाला. 1975 सालच्या 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' या विनोदी इंग्रजी सिनेमाचं चित्रीकरण इथे झालं. किंग आर्थर आणि त्याचे सरदार, पण घोड्यांना पैसे नाहीत. म्हणून नोकराने मागून करवंट्या वाजवायच्या आणि राजाने नुसत्या उड्या मारत चालायचं. इतर किल्ल्यांनी आयत्या वेळी परवानगी नाकारली, तेव्हा सिनेमातले बरेचसे किल्ले म्हणजे हा एकच किल्ला, निरनिराळ्या बाजूंनी. हे सगळं त्या यंत्रात खुद्द दिग्दर्शकांपैकी एक, टेरी जोन्स, सांगतो, आणि अधूनमधून ड्यूकचा इतिहासही सांगतो. कुठला कधी संपतो आणि दुसरा कधी सुरू होतो यावर मला फार लक्ष ठेवावं लागलं. तैवानच्या मुली वेगळ्याच मालिकेसाठी आल्या होत्या. 'आउटलँडर'मध्ये हाच किल्ला दुसऱ्याच नावाने आहे; त्या नायकाच्या खोलीची खिडकी शोधत होत्या.

मला स्वतःला तिथली मुदपाकखान्याची चूल आवडली. चूल कसली, एक खोलीच आहे भिंतीतली, कमानीची; अख्खा बैल भाजता येईल म्हणतात. आत शिरून वर बघितलं तर धुराड्यातून आभाळाचा तुकडा दिसला. बाहेरच्या बाजूला वाढपासाठी दगडी खिडक्या. दिवसभर तिथे उभं राहून आचाऱ्यांचं काय होत असेल, हिवाळ्यात मजा आणि उन्हाळ्यात शिक्षा. यावर यंत्रात थोडंसंच होतं. करवंट्यांवर बरंच.

जेवणाचं सांगण्यासारखं फारसं नाही. कॅलँडर गावात मला शाकाहारी हॅगिस मिळालं. मूळ पदार्थ मेंढीच्या हृदय-यकृत-फुप्फुसांचा, पण त्याचा ओट्स, मसूर आणि बियांचा अवतारही आता सगळीकडे मिळतो. मिरपूड सोडून तिखट नाही. लोणचं काढलं आणि निभावलं. पैसे देताना नोटेवर एका दाढी नसलेल्या, विचारी चेहऱ्याच्या गृहस्थांचं चित्र बघितलं. राणीचं नाही, राजाचं नाही. वॉल्टर स्कॉट, कादंबरीकार. इथल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात आणि बँक ऑफ स्कॉटलंडच्या सगळ्या नोटांवर हेच. 1826 साली लंडनच्या सरकारने स्कॉटिश बँकांच्या लहान नोटा बंद करायचं ठरवलं तेव्हा स्कॉटने टोपणनावाने खरमरीत पत्रं लिहिली आणि तो बेत हाणून पाडला. लेखकाचं चित्र नोटेवर येण्याचं इतकं रोकडं कारण मी दुसरीकडे ऐकलं नाही.

गावाबाहेर केसाळ गाई बघायला थांबलो. कपाळावरून केस नाकापर्यंत, डोळे दिसत नाहीत, शिंगं मात्र हातभर. दहा मिनिटं म्हणून थांबलो आणि पाचव्या मिनिटाला सगळे गाडीत पळालो, कारण मिज. चिलटापेक्षा बारीक, ढगासारखे येतात आणि जिथे कातडी दिसेल तिथे चावतात. गाई शांत उभ्या होत्या. त्या केसांचा उपयोग मला तिथे कळला.

नंतरचा रस्ता खरोखर सुंदर. ऑगस्टअखेर असल्यामुळे डोंगरांवर हेदर फुललेलं, जांभळ्या रंगाचे लांबच लांब उतार, मध्ये तळी, वर ऊन-पावसाचा खेळ. आम्ही कॅट्रिन तळ्याशी थांबलो. इथले लोक त्याला लॉख म्हणतात. तिथेही नोटेवरचे गृहस्थ हजर! 1810 साली स्कॉटने या तळ्याची पार्श्वभूमी घेऊन 'द लेडी ऑफ द लेक' हे दीर्घकाव्य लिहिलं, ते हातोहात खपलं आणि लोकांच्या झुंडी हे तळं बघायला यायला लागल्या. तळ्यात फिरणाऱ्या जुन्या आगबोटीचं नावही 'सर वॉल्टर स्कॉट'. म्हणजे आमची सोळांची गाडी ज्या वाटेने चालली होती ती वाट दोनशे वर्षांपूर्वी एका पुस्तकाने पाडलेली. शिवाय तळंसुद्धा पूर्वीचं नाही. ग्लासगोला पिण्याचं पाणी हवं म्हणून त्याची पातळी वाढवली आणि 1859 साली व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते ते पाणी सुरू झालं. आजही ग्लासगो हेच पाणी पितं. मुंबईला विहारचं पाणी मिळालं तेही त्याच सुमारास.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "निदान हे जंगल तरी जुनं असेल." डोंगरावर गर्द काळसर हिरवी झाडी होती. त्याने माइक तोंडापासून दूर केला, म्हणजे आता खरं सांगणार. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडला, म्हणून 1919 साली वनखातं काढलं आणि ठिकठिकाणी डोंगरच्या डोंगर लावले. त्यातलं पुष्कळसं झाड सिट्का स्प्रूस, उत्तर अमेरिकेचं. "ओळी बघा," तो म्हणाला. बघितलं तर खरंच, फणीने भांग पाडल्यासारख्या सरळ ओळी. आणि जिथे झाडं नाहीत, नुसता माळ आणि मेंढ्या आहेत, तिथली शांतताही निसर्गाची नाही. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना घरांतून हुसकून लावलं; कित्येक जण कॅनडाला गेले. "तुम्ही फोटो काढता ते पुष्कळदा रिकामी केलेली गावं असतात," हे तो इतक्या सहजपणे म्हणाला की ब्राझीलच्या बाईने फोन खाली घेतला. मग लगेच पुढच्या वळणावर त्याने विनोद केला. पण ते वाक्य गाडीत राहिलं.

तोवर मला त्याच्याशी बोलायची भीड उरली नव्हती. जेवणानंतर त्याने सगळ्यांना जागा बदलायला लावल्या होत्या आणि मी थेट त्याच्यामागे आले होते. डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. सकाळपासून हा माणूस मला सांगतो आहे की घोडे 2013चे, रंग 1999चा, गालिचे परवाचे, जंगल शंभर वर्षांचं, आणि तरी स्वतः किल्ट घालून बसला आहे. तो किल्ट तरी पिढीजात असेल.

"तुमच्या किल्टच्या चौकटी कुठल्या घराण्याच्या?" मी विचारलं.

उत्तर लांबलचक आलं. 1746 साली कलोडनच्या लढाईत हायलँडर, म्हणजे त्याच डोंगराळ भागातले लोक, हरले, त्यानंतर कायद्याने त्यांच्या पोशाखावर बंदी आली, ती 1782 साली उठली. पुढे 1822 साली चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला. कोणी राज्य करता राजा तिथे आला त्याला दीडशेवर वर्षं झाली होती. त्या सोहळ्याची सूत्रं पुन्हा आपल्या स्कॉटकडे. त्याने सगळ्यांना सांगितलं, टार्टन, म्हणजे हे चौकटींचं कापड, घालून या. राजाने स्वतः किल्ट घातला, खाली गुलाबी तंग विजार. मग शहरातल्या मोठ्या मोठ्या कुटुंबांची धावपळ उडाली आणि अमुक घराण्याच्या अमुक चौकटी अशा याद्या पुढे विणकर-व्यापाऱ्यांच्या आशीर्वादाने पक्क्या होत गेल्या. त्याआधी चौकटी होत्याच, पण माणूस कुठल्या भागातला, विणकराकडे रंग कुठले, यावर त्या ठरायच्या.

"म्हणजे हा तुमच्या घराण्याचा नाही?"

"माझं आडनाव इंग्लिश आहे, मॅडम. हा कंपनीचा आहे. रीतसर नोंदवलेला." टार्टनची सरकारी नोंदवही आहे म्हणे, 2009 सालापासून, शहरं, शाळा, फुटबॉल क्लब, कंपन्या, कोणीही आपापल्या चौकटी नोंदवतं. नमुना दुसऱ्याच्या नमुन्यासारखा नको आणि नावाशी तुमचा काही संबंध हवा.

एडिंबऱ्यात उतरताना टीप किती द्यायची हे कोणालाच माहीत नव्हतं. जर्मन आजोबांनी सगळ्यांच्या वतीने चौकशी केली, तीही ड्रायव्हरकडेच. तो म्हणाला, जेवढं हसलात तेवढं. अमेरिकन मुलाने बापाच्या पाकिटातून मोठी नोट काढली, 'कोंबडी' म्हणाला आणि दिली. मी स्कॉटचं चित्र असलेली पाचाची नोट दिली.

लेक थांब्यावर आली होती. मी तिला पहिली गोष्ट विचारली ती ही, की आपल्या आडनावाची चौकट कोणी नोंदवली आहे का ते बघ. नसेल तर नऊवारीच्या इरकली काठाचे रंग घेऊ, हिरवा आणि तांबडा. ती फोनवर शोधायला लागली आणि मी तिला करवंट्यांचं सांगायला लागले.